तेरा–दहा

डिसेंबरातली रविवारची सकाळ होती आणि शेजारचे आजोबा ड्राइव्हवेवर मीठ टाकत शीळ घालत होते. इथे ओहायोतल्या कोलंबसात थंडीच्या दिवसांत वाटेवर बर्फ धरू नये म्हणून जाडं मीठ विस्कटतात. आजोबा ते कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं मुठीमुठीनं टाकतात आणि आपलं झालं की न विचारता आमच्या दारातही टाकून जातात. मी चहाचा कप घेऊन दार उघडलं आणि मयताच्या घरी लावतात तो आवाज लावून म्हटलं, "काल वाईट झालं." त्यांनी वर पाहिलं. "काय झालं?" मी म्हटलं, "मॅच." "अच्छा, ती होय! हरलो खरं. पोरं बरी खेळली पण." आणि पुढची मूठ, पुढची शीळ.

आदल्या रात्री इंडियानापोलिसला ओहायो स्टेट, म्हणजे आमच्या कोलंबसातल्या विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची टीम, इंडियाना विद्यापीठाकडून १३–१० अशी हरली होती. बारा मॅचेस खेळून बाराही जिंकलेली, देशात पहिल्या नंबरावर असलेली टीम. बिग टेनचं, म्हणजे इकडच्या विद्यापीठांच्या लीगचं, विजेतेपद हातचं गेलं होतं. आणि हा माणूस शीळ घालतोय! वर्षभरामागे, ३० नोव्हेंबर २०२४ ला, हीच टीम शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाकडून हरली, तेव्हा हेच आजोबा चार दिवस दाराबाहेर आले नव्हते. कुत्र्याला फिरवायला आजी यायच्या. मी विचारलं, "बरे आहेत ना?" तर त्यांनी नुसती मान हलवली. ती हलवणी हो म्हणणारी होती की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तीही मॅच १३–१० च होती.

आकडा तोच, माणूसही तोच.

त्या २०२४ च्या मॅचला आम्ही आजोबांच्या गॅरेजमध्ये होतो. गाड्या बाहेर काढायच्या, भिंतीला टीव्ही टेकवायचा, कोपऱ्यात गॅसचा हीटर फुरफुरत ठेवायचा आणि घडीच्या खुर्च्या मांडायच्या, ही दर शनिवारची रीत. टेबलावर स्लो कुकरमध्ये राजमा घातलेलं चिली रटरटत असतं आणि शेजारी ताटभर बकाय. बकाय म्हणजे इथल्या झाडाचं तपकिरी, एका बाजूला फिकट डोळा असलेलं फळ, ओहायोचं लाडकं चिन्ह. ते खात नाहीत, विषारी असतं. खायचं त्याचं सोंग: पीनट बटरचा गोळा चॉकलेटमध्ये बुडवायचा आणि वर डोळ्याएवढी जागा कोरी ठेवायची. मी एके वर्षी दाण्याच्या कुटाचे गूळ घालून लाडू वळले आणि तेच बुडवले. आजोबांनी चार खाल्ले आणि विचारलं, "यात काय घातलंस?" गूळ कसा समजावणार? म्हटलं, "कोल्हापूर."

गॅरेजचं शटर अर्धं वर असतं आणि त्याच्या रेषेच्या बरोबर पलीकडे, बाहेर, एक खुर्ची असते. ती जावयाची. जावई मिशिगनचा, शिकलाही तिथेच. गडद निळी टोपी, त्यावर मक्याच्या पिवळ्या रंगाचा एम. एरवी सासरे त्याच्यावर जीव टाकतात. नवी गाडी घेताना त्याला विचारतात, दाताचं दुखणं त्याला सांगतात. पण वर्षातल्या त्या एका, मिशिगनशी मॅच असलेल्या शनिवारी त्यानं रेषेच्या आत यायचं नाही. थंडीत तोंडातून वाफा काढत तो बाहेर बसतो, टीव्ही तिरका बघतो आणि चिलीचा वाडगा त्याला रेषेवरून दिला जातो. पहिल्या वर्षी मला वाटलं गंमत आहे. मग पाहिलं, वाडगा देताना कोणी हसत नव्हतं.

त्या दिवशी मिशिगनची दशा अशी होती की अकरापैकी पाच हरून आले होते. सट्टाबाजारात ओहायो स्टेट वीसेक गुणांनी जिंकणार असा भाव होता. हाफटाइमला १०–१०. पुढे काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही, कारण काही झालंच नाही. देशातले सगळ्यात चपळ रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू झेलणारे, आपल्याकडे, जेरेमाया स्मिथसारखा पोरगा मैदानाच्या कडेला मोकळा धावतोय, आणि आमचे लोक चेंडू घेऊन मधल्या भिंतीवर डोकं आपटताहेत. पुन्हा. पुन्हा. आजोबा आधी ओरडले, मग बोलले, मग पुटपुटले, आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये अगदी गप्प झाले. ती गप्प होण्याची पायरी मी ओळखते. पंचेचाळीस सेकंद उरलेले असताना मिशिगननं जवळून किक मारली आणि चेंडू दोन खांबांच्या मधून गेला. बाहेरची खुर्ची करकरली. जावई उभा राहिला होता, पण ओरडला नाही. टोपी काढून हातात घेतली, एवढंच.

मग टीव्हीवर ते झालं. मिशिगनच्या पोरांनी आपला झेंडा ओहायोच्या मैदानात मधोमध रोवायला घेतला, आमची पोरं धावली, ढकलाढकली, गुद्दे, आणि पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची. तिनं विचारलं, "आई, ते रडतायत का खोकतायत?" मला उत्तर आलं नाही. पुढे दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलरचा दंड झाला. पण तिला काय सांगायचं, ते त्यानं सुटलं नाही. कारण त्याच आठवड्यात मी तिला एका पाकिटावरून बोलले होते.

मिशिगनचा आठवडा लागला की या शहरातला एम आजारी पडतो. विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवर जिथे जिथे ते अक्षर असेल तिथे लाल चिकटपट्टीची फुली मारतात. कॉफीवाल्याच्या फळ्यावर फुली, शाळेच्या वर्गात फुली. मिशिगनचं नावही घेत नाहीत, 'तो वरचा संघ' म्हणतात. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, तसंच ते. तर लेकीनं आजोळी, माझ्या वडिलांना, कार्ड पाठवायला घेतलं. पत्ता तिनंच लिहिला. मंगळवार पेठ, कोल्हापूर, महाराष्ट्र. इंग्रजीत लिहिलेला, आणि मंगळवारच्या एमवर लाल फुली, महाराष्ट्राच्या एमवर लाल फुली. पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव, त्याचंही पहिलं अक्षर तेच. त्यावरही फुली. माझं डोकंच फिरलं. "महाराष्ट्रावर फुली मारतेस?" ती शांतपणे म्हणाली, "महाराष्ट्रावर नाही गं, एमवर." पाकीट बदलायला वेळ नव्हता. तसंच टाकलं. मला चीड कशाची आली होती ते नंतर रात्री भांडी घासताना कळलं. तिनं आमचा मुलूख खोडला म्हणून नव्हे. तिला इथलं वैर इतक्या सहज आलं, आणि मला दहा वर्षांत ते नुसतं समजत होतं, म्हणून.

तीन आठवड्यांनी कार्ड पोचलं. व्हिडिओ कॉलवर आबांनी पाकीट कॅमेऱ्याच्या इतकं जवळ धरलं की नुसतं लाल दिसायला लागलं. "काय गं, हे टपालवाल्यानं खोडलंय व्हय?" मी सगळं सांगितलं. आबा मनापासून ऐकत होते, मधे मधे "अस्सं, अस्सं" म्हणत होते. मग विचारलं, "मग जिंकली का तुमची पोरं?" "नाही आबा, हरली." "मग खोडून काय उपेग?"

आबांना हे समजावून सांगायला लागत नाही. शाहू स्टेडियमचा आवाज आमच्या गच्चीवर ऐकू यायचा. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, फुटबॉल लीगचे (आपला, पायानं खेळायचा फुटबॉल) सामने सुरू झाले की पेठेतली माणसं दुपारी जेवायची घाई करायची. मुलींनी जायची पद्धत नव्हती, निदान आमच्या घरात नव्हती. मी गच्चीवर पापडांची राखण करत आवाजावरून मॅच ऐकायची. 'ओऽऽ' असा वर जाऊन पडणारा आवाज म्हणजे हुकली. आवाजाचा डोंगर वर गेला आणि तिथेच राहिला म्हणजे गोल. कुणाचा, ते मात्र कळायचं नाही. ते आबा परत आले की त्यांच्या चपलांवरून कळायचं. जिंकले तर चपला कुठेतरी उलट्यापालट्या, आणि आत येता येता "भूक लागलीय गं." हरले तर चपला जोडीनं, भिंतीला लावून, देवळाबाहेर काढाव्यात तशा. मग पाय धुणं फार वेळ चालायचं. आई ताट वाढून झाकून ठेवायची आणि आम्हाला डोळ्यांनीच सांगायची, आज विचारू नका.

पण सगळ्या हरण्यांना चपला जोडीनं नसायच्या. बाहेरगावच्या संघाकडून हरले, लांबच्या तालमीकडून हरले (आमच्याकडे पेठेपेठेतल्या तालमींचेच फुटबॉलचे संघ असतात), तरी आबा जेवायचे, उलट जास्तच बोलायचे. रेफ्री, गोलकीपर, मैदानावरची माती, सगळ्यांचा हिशोब काढायचे. जोडीच्या चपला फक्त एका तालमीसाठी. नाव सांगत नाही, आबा हे वाचून घेतील कुणाकडून तरी. आमच्याकडे या सामन्याला 'ईर्षेचा सामना' म्हणतात. पेपरातही तसंच छापून येतं. तो शब्द मला इथे फार आठवतो, कारण इथल्या लोकांना त्यासाठी शब्दच लागत नाही. वर्षात इतक्या मॅचेस असतात, पण 'द गेम' म्हटलं की कुणीही 'कुठली' असं विचारत नाही.

या ईर्षेचं मूळ फुटबॉलच्याही आधीचं आहे. १८३५ मध्ये टोलेडो शहराच्या पट्ट्यावरून ओहायो आणि मिशिगन समोरासमोर सैन्य घेऊन उभे राहिले. मेलं कुणी नाही, एका मिशिगनवाल्या अंमलदाराला चाकू लागला तेवढंच. टोलेडो ओहायोला मिळालं आणि मिशिगनची समजूत उत्तरेकडच्या जंगली भूभागावर काढली. पुढे तिथे तांबं आणि लोखंड निघालं, म्हणजे हसले तेच. हे मी आबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे बेळगावच की!" मी वाद घातला नाही. मॅच पहिली झाली १८९७ मध्ये, मिशिगननं ३४–० असं धुतलं होतं. आजोबा या सगळ्या सनावळ्या पाढ्यासारख्या म्हणतात. १९५० ची हिमवादळातली मॅच: मिशिगननं चेंडू चोवीस वेळा लाथेनं परत धाडला, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकणं एकदाही जमलं नाही, आणि तरी ९–३ जिंकले. आजोबांचे वडील ती मॅच बघायला स्टेडियममध्ये होते म्हणे. कोलंबसात ज्याला विचाराल त्याचे वडील त्या मॅचला होते. आपल्याकडे कोल्हापुरात प्रत्येकाच्या पणज्यानं शाहू महाराजांना जवळून पाहिलेलं असतं, तसं. आणि १९६९: ओहायोचा कोच वुडी हेज याच्या हाताखाली तयार झालेला बो शेम्बेक्लर मिशिगनचा कोच झाला आणि पहिल्याच वर्षी गुरूला २४–१२ पाणी पाजलं. हे सांगताना आजोबांच्या आवाजात राग असतो आणि त्याच्या खाली, नीट ऐकलं तर, कौतुकही. २००६ मध्ये दोघं देशात पहिल्या आणि दुसऱ्या नंबरावर होते, आणि मॅचच्या आदल्या दिवशी बो गेले. ओहायोच्या स्टेडियमनं त्यांच्यासाठी शांतता पाळली. आजोबा तिथे होते. "एक लाख माणसं," ते म्हणतात, "आणि मला माझ्या कोटाची चेन वाजलेली ऐकू आली."

२०२४ च्या त्या हरण्यानंतर इथे महिनाभर जो वाद झाला तो मी कधी विसरणार नाही. दुकानात, दवाखान्यात, लेकीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर. कोच रायन डे याला काढा. अरे पण त्यानं अख्ख्या मोसमात दोनच मॅचेस गमावल्यात! त्यातली एक कुठली ते बघ ना. मिशिगनकडून लागोपाठ चौथ्यांदा हरलो. पूर्वी हे हरणं म्हणजे मोसम संपला, पण त्या वर्षीपासून राष्ट्रीय विजेता ठरवणारा प्लेऑफ बारा संघांचा झाला होता, त्यामुळे नोव्हेंबरात नाक कापलं गेलं तरी डिसेंबरात पुन्हा बोहल्यावर चढता येत होतं. आणि चढलेच. टेनेसीला घरी ४२–१७ हरवलं, त्या मॅचला आपल्याच स्टेडियममध्ये टेनेसीचा नारंगी रंग इतका होता की आजोबांनी टीव्हीसमोर कपाळावर हात मारला, "आपल्याच लोकांनी तिकिटं विकली." मग ओरेगॉन ४१–२१, टेक्सास २८–१४, आणि २० जानेवारी २०२५ ला अटलांटात नोत्र दाम ३४–२३. राष्ट्रीय विजेते! फटाके वाजले, रस्त्यावर पोरं नाचली. दुसऱ्या दिवशी आजोबांनी झेंडा लावला. मी अभिनंदन केलं. ते "थँक यू" म्हणाले, झेंड्याची सुरकुती काढली आणि म्हणाले, "पण चड्डी नाही मिळाली पोरांना."

सोन्याची चड्डी. हसू नका. १९३४ पासून मिशिगनला हरवणाऱ्या प्रत्येक ओहायोच्या खेळाडूला बोटाच्या पेराएवढी सोन्याची पँट मिळते, घड्याळाच्या साखळीला किंवा गळ्यात अडकवण्याजोगी. तेव्हाचा कोच म्हणाला होता की मिशिगनवालेही आपल्यासारखाच एकेक पाय घालून पँट चढवतात, त्यावरून. राष्ट्रीय विजेतेपदाची अंगठी केवढी मोठी, खड्यांनी मढवलेली. पण त्या संघातली जी पोरं चार वर्षं खेळून गेली, त्यांच्यापाशी अंगठी होती, चड्डी नव्हती. आजोबांचा धाकटा मुलगा यावर फार चिडायचा. "बाबा, आपण देशात पहिले आहोत!" आजोबा म्हणायचे, "हो, आहोत." आणि गप्प. गप्प बसणाऱ्याशी काय भांडणार? पोरगा मला मध्यस्थीला ओढायचा, "तूच सांग, ट्रॉफी मोठी की नाही?" मी तेव्हा मनापासून म्हटलं होतं, ट्रॉफी मोठी. मला ते साधं गणित वाटलं. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाहुणी आहे हे मला इतक्या वर्षांनी पुन्हा आठवलं.

२०२५ च्या नोव्हेंबरात मात्र फिटलं. अॅन आर्बरला, मिशिगनच्याच घरी, २७–९ असं हरवलं. गॅरेजमध्ये या वेळी आजोबा पहिल्या मिनिटापासून उभेच होते. मॅच संपल्यावर त्यांनी काय करावं? नाचले नाहीत. शटर पूर्ण वर केलं, बाहेर गेले, जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आत ये, गारठशील." जावई म्हणाला, "नको, बरंय इथे." दोघं तसेच थोडा वेळ थांबले. मग आजोबा आतून चिलीचा वाडगा भरून घेऊन आले आणि रेषेवरून त्याला दिला. एका आठवड्यानं इंडियानाकडून ते १३–१०, आणि ३१ डिसेंबरला प्लेऑफमध्ये मायामीनं २४–१४ असं घरी पाठवलं. विजेतेपद गेलं, ट्रॉफी गेली. आजोबांची शीळ चालूच. लेकीनं या वर्षीही पाकिटावर फुल्या मारल्या आणि मी काही बोलले नाही. एक फुली तर राहून गेली होती, ती मीच दाखवली.

परवा आबांना फोनवर दोन्ही वर्षं सांगितली. एका वर्षी त्यांच्याकडून हरले पण देश जिंकला, दुसऱ्या वर्षी त्यांना हरवलं पण बाकी सगळं घालवलं. "सांगा, कुठलं वर्ष बरं?" आबांनी उत्तर दिलंच नाही. त्यांची ती पावसातली मॅच सुरू केली. मी ती पन्नास वेळा ऐकली असेल. चिखल, शेवटची मिनिटं, कॉर्नर, आणि आमच्या बोळातल्या, दिवसा वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्या पोरानं मारलेलं हेडर. त्याच्या कपाळावर चेंडूच्या शिवणीचा ठसा उमटला होता, तो आबांनी स्वतः बोट लावून पाहिला होता. त्याला खांद्यावर घेऊन तालमीपर्यंत आणलं, येताना मुद्दाम त्यांच्या चौकातून, हळूहळू. चपला चिखलात कुठे गेल्या कुणाला पत्ता नाही, आबा अनवाणीच घरी आले. ते मला आठवतंय, आईनं दारातच पायांवर पाणी ओतलं होतं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी विचारलं, "आबा, आणि त्या वर्षी कप कुणी नेला?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला. "कुणी बरं..." आबा म्हणाले. आईला हाक मारून विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. "न्हाई गं आठवत." मग थोड्या वेळानं, एकदम आठवल्यासारखं, "त्या जावयाला घेतला का न्हाई आत?"

"बोलावलं होतं आबा. तो येत नाही. बाहेरच बरं म्हणतो."

"शाणा हाय," आबा म्हणाले.